दुप्पट रकमेची कैफियत

विम्याचा कागद आपल्या घरांतून सहसा कोणी वाचत नाही. पहिला हप्ता भरला, एजंटाचा चहा झाला आणि पावतीसह तो कागद जाड पाकिटात जाऊन कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जन्मदाखल्यांच्या आणि सराफाच्या पावत्यांच्या शेजारी विसावला, म्हणजे मालकाच्या हयातीत तो पुन्हा बाहेर निघत नाही. निघतो तो मालक मयत झाल्यावर, आणि तेव्हा पाकीट उघडणारे हात दुसऱ्याचे असतात. त्या कागदात पुष्कळदा एक कलम असते, की विमेदारास अपघाताने मृत्यू आल्यास वारसास दुप्पट रक्कम देण्यात येईल. आपल्या आयुर्विमा महामंडळाच्या परिभाषेत त्याला दुहेरी अपघात लाभ म्हणतात. अमेरिकेतील विमाकंपन्या त्यालाच ‘डबल इन्डेम्निटी’ म्हणत आल्या. १९४४ साली हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने नेमके हेच रुक्ष, कारकुनी नाव देऊन एक चित्रपट काढला. गुन्हेपटाला विम्याच्या कलमाचे नाव द्यावे यातच त्या चित्रपटाचा स्वभाव प्रकट होतो, कारण ज्या कृष्णधवल गुन्हेपटांना पुढे ‘फिल्म न्वार’ म्हणजे काळा चित्रपट असे नाव पडले, त्यांत बहुतेकांचा अंधार गल्लीबोळांतला, मद्यगृहांतला आणि पावसाने भिजलेल्या रस्त्यांवरचा आहे. याचा अंधार मात्र दफ्तरातला आहे.

हे कलम इतके उदार कसे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या कथेतील गुन्ह्याची मेख कळणार नाही. विमा हा परोपकार नव्हे आणि जुगारही नव्हे. लक्षावधी माणसांच्या मरणाच्या नोंदी पुढ्यात घेऊन, अमुक वयाच्या दर हजार इसमांपैकी वर्षभरात किती दगावतात याचे कोष्टक मांडायचे आणि त्यावरून हप्ता ठरवायचा, हा त्याचा हिशेब. कोण मरेल हे कंपनीला ठाऊक नसते. किती मरतील हे बव्हंशी ठाऊक असते. जे मरण फार विरळा, त्याबद्दल दुप्पट रक्कम कबूल करण्यात तिचे फारसे काही जात नाही आणि गिऱ्हाईक मात्र संतुष्ट होते. रेल्वेच्या प्रवासात उतारूने अपघाताने मरणे हा असाच विरळा प्रकार, म्हणून चित्रपटातील कंपनीने त्याच प्रकाराला दुप्पट रकमेचे आमिष लावून ठेवले आहे. आता जो मनुष्य अकरा वर्षे हे कागद विकत आला, ज्याला गिऱ्हाइकांच्या लबाड्या आणि त्या पकडण्याच्या कंपनीच्या रीती दोन्ही पाठ झाल्या, त्याच्या मनात एखाद्या संध्याकाळी असे आले, की कोष्टकातील सर्वांत दुर्मीळ मरण आपणच आपल्या हाताने घडवून आणले तर ते पकडणार कोण? ‘डबल इन्डेम्निटी’ची सारी कथा या एका प्रश्नातून निघते. बाई ही निमित्तमात्र आहे असे म्हटले तर बाईवर थोडा अन्याय होईल, परंतु फार होणार नाही.

कथेची मुळे एका खऱ्या खटल्यात आहेत. २० मार्च १९२७ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ॲल्बर्ट स्नायडर नावाच्या गृहस्थाचा राहत्या घरी खून झाला. मयत इसम मोटारनौकांना वाहिलेल्या एका मासिकाचा कलासंपादक होता. मारेकरी निघाले त्याची पत्नी रूथ आणि तिचा प्रियकर जड ग्रे, जो स्त्रियांच्या कंचुक्या विकणारा फिरता विक्रेता होता. खिडकीच्या सरकत्या तावदानाचा तोल राखण्यासाठी भिंतीत जे लोखंडी वजन बसवतात ते हत्यार म्हणून वापरले होते. जोडीला क्लोरोफॉर्म आणि तसबीर टांगण्याची तार. नवऱ्याच्या नावे रूथने जो विमा उतरवून घेतला होता, त्याची खरी कल्पना नवऱ्याला नव्हती आणि त्यात दुप्पट रकमेचे कलम होते. घरात चोर शिरल्याचा बनाव पोलिसांपुढे फार टिकला नाही. दोघांनी एकमेकांवर दोष ढकलला, आणि १२ जानेवारी १९२८ रोजी सिंग सिंगच्या तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत देहान्त शासन झाले. छायाचित्रास तेथे सक्त मनाई होती. तरीही टॉम हॉवर्ड नावाच्या एका छायाचित्रकाराने पायाच्या घोट्याला लहानसा कॅमेरा बांधून आत प्रवेश मिळवला, विजार किंचित वर ओढून रूथचे ते अखेरचे क्षण टिपले, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने ते चित्र पहिल्या पानावर छापले. जगाच्या वृत्तपत्रीय इतिहासात त्याहून निर्लज्ज आणि त्याहून प्रसिद्ध चित्रे थोडीच असतील.

त्या काळी न्यूयॉर्कच्याच ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात अग्रलेख लिहिणारा जेम्स एम. केन हा गृहस्थ पुढे कादंबरीकार झाला, तेव्हा हा खटला त्याच्या डोक्यातून गेलेला नव्हता. स्नायडर दांपत्याच्या घरातील कथा त्याने लॉस एंजेलिसच्या उन्हात नेली, कंचुकी-विक्रेत्याच्या जागी विम्याचा विक्रेता बसवला, आणि १९३६ साली ‘लिबर्टी’ साप्ताहिकात ती क्रमशः प्रसिद्ध केली. मात्र छापून येण्याआधीच, १९३५ मध्ये, तिची प्रत हॉलिवूडच्या कंपन्यांतून फिरली होती आणि तिच्यावर शेराही पडला होता. चित्रपटांनी नीती बिघडवू नये म्हणून कंपन्यांनी आपण होऊन स्वीकारलेल्या आचारसंहितेची अंमलबजावणी तेव्हा जोसेफ ब्रीन नावाच्या अधिकाऱ्याकडे होती, आणि ज्यात नायक-नायिका दोघेही खुनी, जारकर्म उघडे आणि गुन्ह्याची कृती पाककृतीइतकी तपशीलवार, असली कथा पडद्यावर आणणे सर्वथा अयोग्य असल्याचे त्याच्या कार्यालयाने कळवले. झाले! खरेदीला उत्सुक असलेल्या कंपन्या एका दिवसात थंड पडल्या, आणि प्रकरण आठ वर्षे दाखल-दफ्तर राहिले. १९४३ साली केनच्या तीन कथा एका पुस्तकात निघाल्या, पॅरामाउंटने ही कथा १५,००० डॉलरला घेतली, आणि नवी पटकथा जेव्हा त्याच कार्यालयाकडे गेली, तेव्हा किरकोळ फेरफार सुचवून ती मंजूर झाली. स्नानानंतर अंगाभोवती टॉवेल गुंडाळून जिन्याच्या वर उभ्या राहणाऱ्या नायिकेचा तो टॉवेल किती लांब असावा, ही त्या फेरफारांपैकी एक बाब होती. नीतिरक्षकांचे लक्ष बहुधा टॉवेलावर असते, आणि त्याच वेळी चित्रपटाचा सारा अधर्म वाक्यावाक्यांतून त्यांच्या डोळ्यांदेखत निसटून जातो, हा अनुभव केवळ अमेरिकेतला नव्हे.

ही वाक्ये ज्या दोघांनी लिहिली, त्यांची जोडी स्वतंत्र कथेचा विषय व्हावी अशी. दिग्दर्शक बिली वाइल्डर याचा जन्म १९०६ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात एका यहुदी कुटुंबात झाला. व्हिएन्नात व बर्लिनमध्ये त्याने वार्ताहराची नोकरी केली, चित्रपटकथा लिहिल्या, आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच बर्लिन सोडून पॅरिसमार्गे तो अमेरिकेत आला, तेव्हा त्याला इंग्रजी भाषा जवळजवळ येत नव्हती. त्याचा नेहमीचा सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट याला ही कथा गलिच्छ वाटली म्हणून त्याने अंग काढून घेतले, आणि त्याच्या जागी आला रेमंड चँडलर. हा शिकागोत जन्मलेला, इंग्लंडात डलिच येथे शिकलेला, तेलकंपनीतील वरिष्ठ जागेवरून काढून टाकल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावर रहस्यकादंबऱ्या लिहू लागलेला, पाइप ओढणारा, संकोची आणि रागीट मनुष्य. दोघांना एका खोलीत कोंडण्यात आले. काही आठवड्यांनी चँडलर कामावर येईना. त्याने तक्रारींची एक यादीच धाडली, आणि वाइल्डरने पुढे सांगितल्याप्रमाणे तिच्यात अशीही एक तक्रार होती, की ऊन आत येते म्हणून खिडकीची पट्ट्यापट्ट्यांची झडप लावण्यास सांगताना हा मनुष्य ‘कृपा करून’ हे शब्द उच्चारत नाही. ज्या चित्रपटातील प्रत्येक खोलीत याच पट्ट्यांच्या झडपेची सावली पात्रांच्या अंगावर गजांसारखी पडलेली आहे, त्याच्या लेखकांत झडपेवरून भांडण व्हावे हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. अखेरीस समेट झाला. केनचे संवाद वाचायला चटकदार, परंतु नटांच्या तोंडी घालताच निर्जीव होतात, हे चँडलरने दाखवून दिले आणि नवे संवाद लिहिले; आजही चित्रपट तरुण वाटतो तो प्रामुख्याने त्या संवादांमुळे.

आता चित्रपटाकडे वळू. नामावली चालू असताना पडद्यावर एका मनुष्याची काळी आकृती कुबड्या टेकीत आपल्या दिशेने येत राहते, आणि तिने सारा पडदा व्यापल्यावर आपण पहाटेच्या लॉस एंजेलिसमध्ये येतो. एक मोटार बेफाम येऊन थांबते. अंगावर ओव्हरकोट टाकलेला वॉल्टर नेफ विमाकंपनीच्या रिकाम्या कचेरीत शिरतो, डिक्टाफोन नावाचे, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे यंत्र पुढे ओढतो, आणि दावे-विभागाचा प्रमुख बार्टन कीज याच्या नावे खलित्याचा मजकूर सांगू लागतो. तारीख १६ जुलै १९३८. डीट्रिक्सन यांचा खून मी केला. पैशासाठी केला आणि एका स्त्रीसाठी केला, परंतु पैसा मिळाला नाही आणि स्त्रीही मिळाली नाही, अशा आशयाचा कबुलीजबाब पहिल्या काही मिनिटांतच होऊन जातो. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या झुंझारावर वाढलेल्या वाचकाला हे प्रथम चमत्कारिक वाटेल, कारण खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत लपवणे हा रहस्यकथेचा मूळ धर्म. येथे तर तो सरळ कचेरीत येऊन आपली जबानी देतो आहे. आमच्या जुन्या दफ्तरांतून जिला कैफियत म्हणत, तिचाच हा प्रकार. वतनदाराने वा मामलेदाराने हुजुरात रुजू होऊन, झाले ते असे झाले म्हणून क्रमवार सांगावे, तसे नेफ आपल्या साहेबांपुढे सांगत जातो, आणि काय झाले यापेक्षा ज्याला सांगतो आहे त्याला हे ऐकून काय वाटेल, याची उत्कंठा प्रेक्षकाला लागून राहते.

कथा अशी. नेफ मोटारविम्याच्या नूतनीकरणासाठी डीट्रिक्सनच्या स्पॅनिश थाटाच्या बंगल्यात जातो. गृहस्थ घरी नसतात. त्यांची दुसरी पत्नी फिलिस, पायात सोन्याची साखळी घातलेली, नवऱ्याच्या नकळत त्याचा अपघातविमा उतरवता येईल का, असे मोठ्या निरागसपणे विचारते. नेफला प्रश्नाचा अर्थ तत्क्षणी कळतो, आणि तो तिला झिडकारून निघून जातो. त्याच रात्री ती त्याच्या बिऱ्हाडी येते आणि मग तो तिला मदत करण्याचे कबूलच करतो असे नव्हे, तर सबंध मामल्याची सूत्रे आपल्या हाती घेतो. पुढे सहीचा जो प्रसंग येतो, तो मी पुन्हापुन्हा पाहिला आहे. दिवाणखान्यात सावत्र मुलगी लोला साक्षीदार म्हणून बसली आहे, गृहस्थ वैतागलेला आहे, नेफ मोटारविम्याचे अर्ज पुढे करतो, एक सही होते, आणि हीच दुसऱ्या प्रतीवर करा म्हणून तो जो कागद पुढे सरकवतो तो मोटारीचा नसून त्या माणसाच्या मरणाचा असतो. पिस्तूल नाही, आरडाओरडा नाही, केवळ कागदाच्या तळाशी ठिपक्यांची रेघ आणि तीवर टेकलेले लेखणीचे टोक. खून खऱ्या अर्थाने येथे होतो. मोटारीत होतो ती त्याची अंमलबजावणी.

ती अंमलबजावणीही आपल्याला दिसत नाही. डीट्रिक्सनचा पाय मध्यंतरी मोडलेला. कुबड्या घेऊन तो महाविद्यालयीन सोबत्यांच्या मेळाव्यासाठी आगगाडीने निघतो. स्टेशनाकडे मोटार फिलिस चालवीत असते आणि मागच्या बैठकीखाली नेफ दडलेला असतो. ठरल्या जागी ती तीन वेळा भोंगा वाजवते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. शेजारी धडपड ऐकू येते आणि ती समोर रस्त्याकडे पाहत राहते; तिच्या डोळ्यांत जे क्षणभर उमटते त्याला समाधान म्हणावे की काय, हे ठरवण्याचे काम प्रेक्षकावर सोपवून दृश्य संपते. त्यानंतर मयताच्या कुबड्या घेऊन नेफच गाडीत चढतो, शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जात भेटलेल्या एका उपटसुंभ उतारूला सिगार आणण्याच्या निमित्ताने वाटेला लावतो, रुळांवर उडी टाकतो, आणि प्रेत तेथे आणून ठेवले जाते. सर्व यथासांग होते, आणि मोटार सुरू होत नाही! फिलिस किल्ली फिरवते, इंजिन कण्हते आणि बंद पडते. हा क्षण पटकथेत नव्हता असे वाइल्डर सांगत असे. चित्रण आटोपून निघताना त्याची स्वतःची मोटार सुरू होईना, तेव्हा धावत परत येऊन त्याने तो प्रसंग नव्याने घेतला. दोन खुन्यांची मोटार सुरू व्हावी म्हणून आपण जीव मुठीत धरून बसलो आहोत हे जेव्हा प्रेक्षकाच्या ध्यानात येते, तेव्हा ब्रीनसाहेबांच्या आचारसंहितेचा जो काही मूळ उद्देश होता तो धुळीस मिळालेला असतो.

आणि मग पडद्यावर अधिराज्य सुरू होते ते बार्टन कीजचे. एडवर्ड जी. रॉबिन्सन हा नट तोपर्यंत गुंडांच्या प्रमुख भूमिकांसाठी विख्यात होता. नामावलीत तिसऱ्या क्रमांकावर बसायला तो मोठ्या नाराजीनेच तयार झाला, आणि त्याने चित्रपट बहुतांशी आपल्या नावे करून टाकला. चुरगळलेला कोट, खिशात सिगार आणि काड्यापेटी कधीच नाही; पोटात एक चिमुकला माणूस बसलेला आहे आणि खोटा दावा आला की तो अस्वस्थ होतो, अशी याची श्रद्धा. कंपनीचा अध्यक्ष, वडिलार्जित खुर्चीवर बसलेला एक निर्बुद्ध गृहस्थ, डीट्रिक्सनने आत्महत्याच केली असे ठरवून दावा नामंजूर करू पाहतो, तेव्हा कीज उभा राहून त्याला आत्महत्यांच्या कोष्टकांचा जो पाठ देतो, तो अवघ्या एक-दीड मिनिटाचा असला तरी चित्रपटांच्या इतिहासातील थोर भाषणांत गणला पाहिजे: धंद्यावार, लिंगावार, ऋतूवार, घटकेवार, प्रकारावार, प्रकाराच्या पोटप्रकारावार, अशी खंडांवर खंड कोष्टके आहेत, आणि त्या साऱ्या खंडांत हळू चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी टाकून कोणी जीव दिल्याची एकही नोंद नाही. आकड्यांवर प्रेम करता येते, आणि आकड्यांत माणसांची दुःखे वाचता येतात, हे ज्या कोणाला पटत नसेल त्याने हे भाषण ऐकावे. तरीही दावा कीजला झोप लागू देत नाही. पाय मोडला तेव्हा त्या माणसाने अपघातविम्याचा पैसा का मागितला नाही? विमा उतरवला आहे हे त्याला ठाऊकच नसावे. एवढ्या एका प्रश्नावरून तो बाईपर्यंत पोहोचतो आणि बाईला कोणी साथीदार असल्याचेही ताडतो. साथीदार मात्र त्याला दिसत नाही, कारण तो मेजाच्या पलीकडे बसून त्याची सिगार पेटवून देत असतो. पुढे कीजच्या यंत्रावरची टिपणी नेफ चोरून ऐकतो, आणि तिच्यात या साहेबाने नेफविषयी स्वतःच्या शब्दावर हमी भरलेली असते. इतके शरमिंदे करणारे प्रशस्तिपत्र दुसऱ्या कोणत्याही गुन्हेगाराच्या वाट्याला आले नसेल.

या सर्वाला जे दृश्यरूप मिळाले त्याचे श्रेय छायालेखक जॉन साइट्झ याचे. स्टुडिओतील प्रकाशयोजनेचा शिरस्ता तीन दिव्यांचा: एक मुख्य दिवा चेहरा उजळणारा, दुसरा पहिल्याने पाडलेल्या सावल्या सौम्य करणारा, तिसरा पाठीमागून खांद्यांना व केसांना कड देऊन माणसाला भिंतीपासून वेगळा काढणारा. यांतला दुसरा दिवा विझवला, वा अगदी मंद केला, की चेहऱ्याची एक बाजू अंधारात जाते आणि त्या बाजूला माणूस काय लपवीत आहे हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. काळ्या चित्रपटांची निम्मी कला या एका विझवलेल्या दिव्यात आहे. डीट्रिक्सनच्या दिवाणखान्यात झडपेतून येणाऱ्या उन्हाचे पट्टे स्पष्ट दिसावेत आणि घरातले शिळेपण जाणवावे म्हणून साइट्झने हवेत ॲल्युमिनियमचे बारीक कण उडवले. ते उन्हात चमकत खाली बसतात, आणि या बंगल्यात बरेच दिवस कोणी केर काढलेला नाही असे वाटू लागते. युद्धकाळात एका चित्रपटामागे नेपथ्याच्या नव्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा सरकारने घातली होती, तेव्हा साधेसुधे नेपथ्य अंधारात ठेवणे हे अनेकांच्या पथ्यावरच पडले. पण टंचाईने रसिकता येत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

ती रसिकता पुष्कळशी बर्लिनहून आलेली होती. १९३० साली जर्मनीत तरुणांच्या एका टोळक्याने रविवारच्या सुट्टीवर एक लहानसा मूकपट काढला. त्यात पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजलेले सिओडमाक, उल्मर आणि झिनेमान होते आणि पटकथेवर वाइल्डर होता. पुढल्या दहा-बारा वर्षांत हे सारे हॉलिवूडमध्ये पोहोचले. ‘डबल इन्डेम्निटी’ला संगीत देणारा मिक्लोश रोझा बुडापेस्टचा, रॉबिन्सन स्वतः बुखारेस्टमध्ये जन्मलेला. ज्यांची घरे मागे जळत होती अशा माणसांनी कॅलिफोर्नियाच्या उन्हात बसून अंधाराचे चित्र काढले, यात नवल नाही. वाइल्डरची आई नाझींच्या हत्याकांडात बळी पडली. त्याच प्रकाशविद्येचा एक धागा, वेगळ्या कारणाने, आपल्या मालाडपर्यंतही आला होता: हिमांशु राय यांनी १९३४ मध्ये उभारलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये योझेफ व्हिर्शिंग हा जर्मन छायालेखक कामाला होता, युद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तो स्थानबद्ध झाला, आणि सुटून आल्यावर १९४९ च्या ‘महल’मधील झुलत्या झुंबरांच्या सावल्या त्यानेच पाडल्या. ‘महल’ हा गुन्हेपट नव्हे. परंतु विझवलेला तो दुसरा दिवा तेथे ओळखू येतो.

‘फिल्म न्वार’ हे नाव मात्र ना बर्लिनने दिले ना हॉलिवूडने. युद्धाची चार वर्षे अमेरिकन चित्रपटांना मुकलेल्या पॅरिसमध्ये १९४६ च्या उन्हाळ्यात ते सारे एकदम येऊन थडकले, आणि त्यांतल्या गुन्हेपटांत काहीतरी नवे, कडवट आणि काळे आहे हे नीनो फ्रँक या समीक्षकाने त्या ऑगस्टमध्ये लिहिले. ‘डबल इन्डेम्निटी’चा समावेश त्याच्या उदाहरणांत होता. ज्यांनी हे चित्रपट काढले, त्यांना आपण ‘न्वार’ काढीत आहोत याची गंधवार्ताही नव्हती.

दोष दाखवायचे तर आहेत. बार्बरा स्टॅनविकच्या डोक्यावरचा सोनेरी टोप इतका उघड खोटा आहे, की आपण स्टॅनविकला नेमले आणि पडद्यावर जॉर्ज वॉशिंग्टन आला, असा शेरा कंपनीतल्याच एका वरिष्ठाने मारला. बाईचा खोटेपणा दिसावा म्हणून तो मुद्दाम निवडला, ही वाइल्डरची सफाई मला पश्चात्बुद्धी वाटते. नेफच्या बिऱ्हाडाचे दार बाहेरच्या बाजूला उघडते, कारण कीज बोळात उभा असताना फिलिसला त्या दाराआड दडायचे असते. अशी दारे त्या इमारतींत नसतात. लोला आणि तिच्या प्रियकराचे उपकथानक आगगाडीच्या रिकाम्या डब्यासारखे मागे ओढले जाते. आणि फिलिसला लेखकांनी भूतकाळ दिला, शस्त्र दिले, चाल दिली, परंतु तिला काय हवे होते हे त्यांनी तिला कधी विचारले नाही. स्टॅनविक हे सारे सावरून नेते, कारण किराणा दुकानात टिनच्या डब्यांच्या मांडणीआडून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून ती नेफशी हलक्या आवाजात बोलते तेव्हा तिच्या स्वरात विनवणी आणि धमकी इतकी बेमालूम मिसळलेली असते, की शेजारून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचीच भीती वाटावी.

नायकाच्या भूमिकेला अनेक प्रसिद्ध नट नाही म्हणाले. फ्रेड मॅकमरे हा हलक्याफुलक्या प्रेमपटांतला, एके काळचा सॅक्सोफोनवादक, आपल्याला हे जमणार नाही असे स्वतःच सांगत असताना वाइल्डरने त्याला पकडून आणले. निवड अचूक ठरली, कारण नेफ हा दुष्ट दिसता कामा नये. तो आपल्या घरी हप्ता न्यायला येणाऱ्या हसतमुख एजंटासारखाच दिसला पाहिजे. चित्रपटभर तो अंगठ्याच्या नखाने काडी ओढून कीजची सिगार पेटवीत राहतो. शेवटी, कैफियत संपत आली असता कीज दारात उभा असल्याचे त्याला दिसते. पळण्याचा प्रयत्न करून तो जखमी मनुष्य उंबऱ्याशी कोसळतो, ओठात सिगारेट धरतो, हात चालत नाही, आणि कीज त्याच्या हातातील काडी घेऊन ती पेटवून देतो. या प्रसंगानंतर नेफला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड दिल्याचे दृश्य वाइल्डरने तुरुंगाच्या कोठडीची हुबेहूब प्रतिकृती उभारून चित्रित केले होते आणि त्यावर सुमारे दीड लाख डॉलर खर्ची पडले होते. काडी पेटवण्यात सर्व काही झाले आहे असे दिसताच त्याने ते कापून टाकले. पैशाचा मोह आवरण्याचे धैर्य या कथेत दाखवले ते एका दिग्दर्शकाने.

१९४५ च्या मार्चमध्ये ऑस्कर पारितोषिकांसाठी या चित्रपटाची सात नामांकने होती आणि त्यांतले एकही पदरी पडले नाही; उत्कृष्ट चित्रपटाचा मान पॅरामाउंटच्याच, एका गोड स्वभावाच्या पाद्र्यावरील ‘गोइंग माय वे’ला मिळाला. वाचकांपैकी कोणी हा चित्रपट पाहायला बसेल, तर त्याने सोळाव्या मिनिटाच्या सुमारास सावध राहावे. नेफ कीजच्या खोलीतून बाहेर बोळात येतो, आणि तेथे खुर्चीवर चष्मा लावलेला एक पोक्त गृहस्थ काहीतरी वाचत बसलेला असतो. तो मान वर करून नेफकडे एकवार पाहतो आणि पुन्हा वाचू लागतो. नामावलीत त्या भूमिकेचा उल्लेख नाही, आणि अर्धशतकाहून अधिक काळ कोणी त्याला ओळखलेही नाही. तो रेमंड चँडलर.